गोपिकाची खुर्ची

गोपिका मेश्राम ही नात्यातल्या प्रत्येक लग्नाची प्रमुख पाहुणी असायची. नवरदेवाचे काका जमिनीवर, नवरीचे मामा जमिनीवर, मतांची गरज असली तर नगरसेवकही जमिनीवर. पण पंगतीच्या टोकाला, मंडपाचं सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राची लोखंडी घडीची खुर्ची उघडली जायची आणि तिच्यावर गोपिका बसायची. वाकून वाकून वाढत आलेला माणूस तिच्यापाशी एकदम सरळ व्हायचा आणि त्या धक्क्याने तिच्या साडीवर वरण पडायचं.

याचं कारण तिचा डावा खुबा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा एका खोबणीत बसतो. माणसाची ही खोबणी वाटीसारखी खोल असते. गोपिकाला जन्मतःच बशी मिळाली होती. चालताना ती लंगडायची, संध्याकाळी खुबा दुखायचा आणि मांडी घालायला गेलं की गोळा बशीच्या काठावर यायचा. हुडकेश्वरच्या शाळेत ती शिकवायची. शाळेतली खुर्ची तिच्या हक्काची होती, बाकीच्या दयेच्या. दयेची खुर्ची जास्त टोचते, असं ती म्हणायची. बिछायत केंद्राच्या खुर्च्या पाहता हे शब्दशः खरं होतं.

सत्त्याऐंशी साली डॉ. रुपराव बोंद्रे यांनी ऑपरेशन सुचवलं. खोबणीभोवतीचं हाड कापायचं, खोबणी फिरवायची, म्हणजे गोळ्यावर पुरेसं छप्पर येतं, आणि मग स्क्रूने आवळून टाकायची. प्रश्न इतकाच, की किती फिरवायची. डॉक्टर विलायतेत शिकून आले होते. तिथेही हा अंदाज मोठमोठे सर्जन नजरेने घेत. बोंद्र्यांची नजरही नावाजलेली होती, पण गेल्या वर्षी तिला चष्मा लागला होता.

इथे गोपिकाचे मामा पुढे आले. ताराचंद गजभिये इंजिनिअरिंग कॉलेजात पुलांची गणितं शिकवत. कॉलेजात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. उद्घाटनाचा नारळ व्हरांड्यात फोडला होता, यंत्रावर पाणी उडू नये म्हणून. प्राचार्यांना पंखा होता आणि कॉम्प्युटरला एसी, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात अख्ख्या स्टाफला संशोधनाची ओढ लागली होती. त्या गर्दीतून ताराचंदांनी आपला नंबर लावला.

त्यांनी गोपिकाच्या खुब्याचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले एक्स-रे आलेख कागदावर गिरवले आणि हाडाच्या कडेचा एकेक बिंदू मशीनला भरवला. मशीनने बिंदू जोडून हाडाचा आकार बनवला. मग पुलावर ट्रक उभा करून बघतात तसा त्या आकारावर गोपिकाचा भार टाकला, खोबणी थोडी थोडी फिरवली, आणि कुठे किती दाब येतो ते छापून काढलं. लांबच लांब कागदावर फुल्याफुल्यांनी काढलेलं ते हाड घेऊन ताराचंद डॉक्टरांच्या दवाखान्यात आले. गोपिका आणि तिची आई जिजाबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"हे माह्या पोरीचं हाड व्हय?" जिजाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "रांगोळी दिसून राहिली."

"आक्का, सरळ धर." ताराचंद डॉक्टरांकडे वळले. "तीस अंश," ते म्हणाले. "तीस अंश फिरवली की दाब सगळीकडे सारखा होते. पूल असता तर मी सही केली असती."

डॉक्टरांनी कागद चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहिला. त्यांची नजरही तीसच म्हणत होती. विज्ञान आणि अनुभव यांचं इतकं एकमत झाल्यावर चहा मागवणं भाग होतं. चहा आला.

"मामाजी," गोपिकाने विचारलं, "मले खाली बसता येईन ना?"

"बसता म्हणजे?"

"म्हणजे खाली. मांडी घालून. पंगतीत."

ताराचंदांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चहाकडे.

"चालता उत्तम येईल," डॉक्टर म्हणाले. "दुखणार नाही. खाली बसण्याचं पुस्तकात काही दिलेलं नाही."

"पुस्तकातले लोक जेवत नाहीत का, सर?"

"जेवतात. टेबलावर."

ताराचंद कागदाची घडी घालत होते, ते थांबले. "मी तिले उभीच केली होती," ते हळूच म्हणाले. "एका पायावर. पुस्तकात तसंच होतं. आणि पूल काही मांडी घालत नाही."

"काहून गा ताराचंद, पोरीले पूल समजला का तू?" जिजाबाई म्हणाल्या. "लहानपणापासून पाहून राहिला तिले, अन् बसवायचंच विसरला?"

आता मांडी घालताना पाय किती वळतो, किती उघडतो, हे मोजणं आलं. डॉक्टर म्हणाले, सोपं आहे, मी दाखवतो. ते रामटेककडचे. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उकिडवं बसून त्यांचं बालपण गेलं होतं. पण मध्ये विलायत गेली होती. ते बसले ते अर्ध्यातच अडकले, आणि त्यांना उठवायला ताराचंद आणि कंपाउंडर दोघे लागले. शेवटी जिजाबाईंनी पदर खोचला, फरशीवर मांडी ठोकली, आणि गोपिकाने पर्समधल्या शाळेच्या कोनमापकाने आईच्या पायाचे कोन मोजले. विज्ञानासाठी आपण पहिल्यांदाच बसलो, असं जिजाबाई पुढे कितीतरी दिवस सांगत.

पुढच्या आठवड्यात मशीनमधली गोपिका खाली बसली. म्हणजे बसू लागली आणि अडली. खोबणी तीस अंशांवर फिरवली की छप्पर इतकं पुढे येई, की पाय दुमडताच हाडाची मान त्याच्या काठावर आपटे. वीस अंशांवर मांडी सुखाने घातली जात होती, पण छप्पर आखूड पडत होतं.

"सव्वीस," डॉक्टर म्हणाले.

"अडते. बावीस," ताराचंद म्हणाले.

"पंचवीसच्या खाली मी येणार नाही."

"चोवीसवरही काठ घासते, डॉक्टर."

कॉटन मार्केटात वांग्यांचा भाव असाच ठरतो. फरक एवढाच, की इथे माल दोघांपैकी एकाचाही नव्हता.

"हाड माझं आहे," गोपिका म्हणाली. ती डॉक्टरांकडे वळली. "सर, कमी फिरवलं तर काय होईन?"

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "तुझं दुखणं जाईल. लंगडणं बरंच कमी होईल. पण छप्पर आखूड राहिलं तर सांधा लवकर झिजू शकतो. म्हातारपणी परत दुखेल, कदाचित परत ऑपरेशन लागेल. जास्त फिरवलं तर ती भीती कमी. मात्र खाली बसणं विसर."

गोपिकाने विचार केला. फार वेळ नाही केला, कारण हा विचार तिने आधीही बऱ्याच पंगतींत केलेला होता.

"म्हातारपणी बसीन ना खुर्चीवर," ती म्हणाली. "तवा तर सारेच बसतात."

बावीस ठरले.

ऑपरेशन झालं. मग पलंग, मग कुबड्या, मग काठी, मग जिजाबाईंचा ओरडा, या क्रमाने गोपिका चालू लागली. मांडीला मात्र वेळ लागला. रोज सकाळी ती भिंतीला टेकून थोडी थोडी खाली जाई आणि आई "हळू वं, हळू" म्हणत शेजारी उशी घेऊन उभी राही.

पुढल्या उन्हाळ्यात वाडीला मावसबहिणीचं लग्न निघालं. डॉक्टरांनाही आमंत्रण होतं. ते आले. मंडपात पंगत बसत होती. गोपिका रांगेत शिरली, पत्रावळीसमोर उभी राहिली, एक हात आईच्या खांद्यावर ठेवला आणि खाली गेली. उजवा पाय दुमडला. मग डावा. डावा गुडघा इतरांपेक्षा चार बोटं वर राहिला होता, पण ते मोजायला तिथे कोणाकडे कोनमापक नव्हतं. ताराचंद तिच्या गुडघ्याकडे असे बघत होते, जणू पुलावरून पहिला ट्रक चालला आहे.

इतक्यात सवयीप्रमाणे नात्यातला एक पोरगा लोखंडी खुर्ची उचलून आला आणि गोपिकाला शोधू लागला.

"इकडे नाही रे," गोपिका खालून म्हणाली. "डॉक्टरसाहेबांले दे."

डॉक्टर नको नको म्हणाले, एकदा जमिनीकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसले. वाढणारा वाकून वाकून त्यांच्यापाशी आला, एकदम सरळ झाला आणि त्यांच्या पँटवर वरण पडलं.

पंगत उठली. पत्रावळी गोळा झाल्या. दुसऱ्या पंगतीचे लोक मंडपाच्या कडेला हात धुऊन उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळांकडे बोटं दाखवू लागले. रांगेत एकटी गोपिका बसलेली होती.

"उठ वं माय, लोकं थांबले," जिजाबाई म्हणाल्या.

"थांबू दे," गोपिका म्हणाली आणि वाढणाऱ्याला हाक मारली. "भाऊ, वांग्याची भाजी आणजो थोडी."