शेजारच्या बाटलीचा फोटो

बाटलीत केस होता आणि पडद्यावरचा चौकोन हिरवा, म्हणजे बाटली पास.

सीतालक्ष्मीने पट्टा थांबवला. डोळ्यांत घालायच्या औषधाची ती बाटली. चाचणीसाठी केस तिनेच आत सोडला होता. तपासणी मशीनच्या तिसऱ्या कॅमेऱ्याने तो पकडायलाच हवा होता. तिने साठवलेले फोटो उघडले. या बाटलीचा फोटोच नव्हता. त्याच्या जागी आधीच्या, स्वच्छ बाटलीचा फोटो दुसऱ्यांदा लावलेला होता.

केसासकट ती बाटली तिने कचऱ्यात टाकली.

"अनिकेत, हे कोण केलें?"

पुण्याहून आलेला तिचा तरुण मॅनेजर हसला. तिचं तंजावरी मराठी ऐकलं की तो हसायचाच. "मॅडम, तुम्ही बोललात की मला दरबारात उभं असल्यासारखं वाटतं!"

"हसूं नको. फोटो कोठें गेला?"

"गळतात हो मधूनमधून. फोटो आला नाही की लाइन अडकते. म्हणून आधीचाच वापरतो. एकदम स्मूथ!"

चारही कॅमेरे एकाच क्षणी फोटो पाठवतात. म्हणून कॉम्प्युटरात चार पोर्टांचं कार्ड बसवावं, प्रत्येकाला आपली वाट द्यावी, हे तिने आठवडाभर तपासून ठरवलं होतं. अनिकेतने त्यांच्या कंपनीच्या अण्णा नगरच्या ऑफिसात पडून असलेलं एका पोर्टचं कार्ड लावलं. चार वाटांची गर्दी एका दारात. ते तिने एक वेळ सोसलं असतं. कार्ड फोटो गाळतं. पण गळलेल्या जागी दुसऱ्या बाटलीचा फोटो चिकटवायला माणूस लागतो.

"फोटो नाहीं तर बाटली बाहेर. सरी, कळलें?"

"इतक्या चांगल्या बाटल्या फेकल्या तर गिऱ्हाईक आपल्यालाच फेकेल. कार्ड पुढच्या महिन्यात बदलू ना, अक्का."

एवढ्यात ते गिऱ्हाईकच, कारखान्याचे प्रमुख हरिप्रसाद, आले. त्यांनी पट्टा पुन्हा सुरू करायला लावला. सीतालक्ष्मीने त्यांना तमिळमध्ये सगळं सांगितलं. ते मान डोलवत राहिले. मग तिने त्यांच्या देखत तिसऱ्या कॅमेऱ्याची केबल उपसली.

बाटल्या पुढे सरकत राहिल्या. हिरवा, हिरवा, हिरवा.

"पाहा सर. कॅमेरा बंद आहे."

हरिप्रसाद कौतुकाने पडद्याकडे बघत होते. "सुपर, मा! केबल काढली तरी थांबत नाही. आमचं जुनं मशीन सारखं अडायचं!"

अनिकेतने तिच्याकडे न बघता मोबाइल काढला.

तिचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. "अय्यो, नको मा," हरिप्रसाद मध्ये आले. "हा माल संध्याकाळी जायचाय."

ती त्यांना वळसा घालून पट्ट्याच्या टोकाशी गेली. तिथे बाटल्या खोक्यांत पडत होत्या. तिने चष्मा पदराने पुसला, एक बाटली उचलून ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवली, खोक्यात ठेवली. मग दुसरी.

"मशीन आहे ना, मा!" मागून हरिप्रसाद हसत म्हणाले.

ती वळली नाही. तिची एक बाटली बघून होईपर्यंत तीन पुढे जात होत्या.