सही करून निघालेले डॉक्टर

रविवारच्या प्रशिक्षणाची डॉक्टरमंडळींत एक रीतच पडून गेली होती. दहाला जायचं, हजेरीपटावर सही ठोकायची, चहा ढोसायचा आणि मागच्या दाराने पसार व्हायचं. प्रमाणपत्र घरपोच! कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर पंचवीस वर्षं हेच करत आले होते. त्या रविवारी विषय होता तरुणांचं मानसिक आरोग्य आणि वृद्धांची काळजी. "आता हे आम्हाला शिकवणार होय!" म्हणत त्यांनी सही केली आणि घरी येऊन ताणून दिली.

सोमवारी सकाळी एक आजी आल्या. सोबत कॉलेजात जाणारी नात, आईबाप नसलेली. दोघींना एकमेकींचाच आधार.

"माझं झोपेचं मेलं राहू द्या हो, हिला बघा. जेवत नाही, बोलत नाही. काल म्हणते, 'आजी, मी नसले तर तुझं कोण करेल गं?' असं बोलतं का कुणी?"

बाहेर वीस पेशंट ताटकळले होते. डॉक्टर हसले. "परीक्षा आली की सगळ्यांची हीच नाटकं! मोबाईल काढून घ्या, येईल ताळ्यावर."

त्यांनी आजींना महिनाभराच्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पोरगी दारात घुटमळली.

"डॉक्टरकाका, मी उद्या एकटी येऊ का?"

"ये की! पण परीक्षा झाल्यावर."

गुरुवारी आजींच्या त्याच गोळ्यांनी पोरीने घात करून घेतला. शनिवारी पोरगी गेली.

डॉक्टरांनी प्रशिक्षणाची पुस्तिका मागवून घेतली. पहिल्याच पानावर होतं: 'मी नसले तर' असं कुणी म्हणालं, तर थांबा, बसा, सरळ विचारा. ते वाचून डॉक्टर लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

पोरीच्या मृत्यूची चौकशी लागली, तसे डॉक्टरांच्या संघटनेचे सचिव धावत आले. "घाबरता कशाला? प्रमाणपत्र आहे ना? कुणाची बिशाद आहे बोट दाखवायची!"

"मी सही करून पळालो, असं चौकशीत लिहून देणार आहे."

"अहो, सगळेच पळतात! आम्हालाही गोत्यात आणाल!"

"आणणार," डॉक्टर म्हणाले आणि तडक आजींच्या घरी गेले.

आजी चुलीपुढे नुसत्याच बसल्या होत्या. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. डॉक्टरांनी काहीएक न लपवता सगळं सांगितलं. आजींनी ना शिव्या दिल्या, ना शाप.

"किती वेळ लागला असता हो शिकायला?"

"तासभर."

आजी म्हणाल्या, "तिला जे विचारायचं राहिलं, ते आता मला विचारा."

डॉक्टरांनी दवाखान्यात फोन करून सांगितलं, आज येणार नाही. मग ते आजींसमोर जमिनीवर बसले.

"आजी, जीव द्यावासा वाटतोय का?"

"हो," आजी म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टर उठून गेले नाहीत.