गंजीतली ऊब

"सांगा ना भाऊजी, आत ऊब आहे की नाही?"

वहिनींनी तिसऱ्यांदा विचारलं. नवरा गेल्यापासून गवताची वखार त्याच चालवत होत्या. फाटकात डेअरीचा ट्रक उभा होता, आणि ड्रायव्हर इंजिन बंद करायलाही तयार नव्हता. पारखी मात्र गवताच्या गंजीत खुपसलेल्या सळईकडेच बघत होता. ओलसर गवत रचलं गेलं की आतून तापतं, आणि तापलेली गंज कधी पेट घेईल याचा नेम नसतो. तीस वर्षं तो सळई आत घालायचा, पाव तासाने काढून मुठीत धरायचा आणि काय ते सांगायचा. त्याच्या शब्दावर वखार चालायची.

घरोघरच्या गाईम्हशी विकल्या गेल्या आणि किरकोळ गिऱ्हाईक संपलं. आता घेणार एकटी डेअरी, भावही तीच ठरवणार. यंदा टंचाई पडली म्हणून कधी नव्हे ती दुप्पट भाव घेऊन दारात आली होती. गवत गार करायला गंज उपसत बसलं तर ट्रक पुढच्या वखारीत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्याने सळई ओढून मुठीत धरली. मुठीला काही कळलं नाही. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली होती, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. आजवर नुसत्या वासावर आणि अंदाजावर निभावलं होतं. आता "नाही" म्हटलं की सगळे खूश. पण या गवताचे गठ्ठे डेअरीच्या गोठ्यात, दावणीला बांधलेल्या जनावरांच्या डोक्यावरच्या माळ्यावर चढणार होते.

त्याने सळई गालाला लावली आणि कळवळून फेकून दिली.

"उपसा गंज," तो म्हणाला. "ट्रक जाऊ दे."

ट्रक गेला. वहिनी त्याच्या गालावरच्या लाल वळाकडे बघत राहिल्या.

"हाताला कळत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मी तुमच्या भरवशावर बिनघोर झोपत होते," त्या म्हणाल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने त्यांनी सळई उचलली आणि पलीकडच्या गंजीत खुपसली. पाव तास होत आला.

"किती चटका बसला की धोका समजायचा?"

"ते सांगता नाही येत, वहिनी. हाताला कळायचं."

त्यांनी सळई काढून मुठीत धरली. चटका किती, ते वाचायला तो त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.