चीजचा काला

सरका, अजून थोडं पुढं सरका. टाळ मांडीवर ठेवा, तोंडात पान असेल तर एका गालात धरा. एका बाईची गोष्ट सांगतो. तिनं ऐन दुष्काळात चाळीस घरांचं दूध गोधडीखाली झोपवून ठेवलं होतं. हसू आलं तर हसा, देवाच्या दारात हसायला बंदी नाही. शेवटी एक मागणं मागेन, तेवढं मात्र पदरात घाला.

घाटनांदूरच्या पलीकडं तिचं गाव. नाव सत्यभामा, वय अठ्ठावन्न. नवरा गहिनीनाथ भजनात पखवाज वाजवायचा. पखवाजावर हात पडला की बोलायचा, घरात मात्र जेवण आवडलं नाही तरच तोंड उघडायचा.

गावात दर वैशाखात हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही, आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. कीर्तनाच्या शेवटी महाराज काठीनं हंडी फोडणार आणि आतला दही-लाह्यांचा काला सगळ्यांच्या हातावर पडणार. ही हंडी भरायचा मान दर साली एका घराला. घरं चाळीस. म्हणजे एकदा येऊन गेलेला मान पुन्हा चाळीस वर्षांनी. सत्यभामा लग्न होऊन आली त्याच साली ह्या घराची पाळी होती, पण सप्ताह झाला आधी आणि लग्न लागलं महिन्यानं. सासू मिरवून मोकळी झाली. सुनेला फुटक्या हंडीची खापरं तेवढी बघायला मिळाली. तेव्हापासून ती दर वैशाखात दुसऱ्याच्या हंडीला हात जोडत आली होती. आता येत्या वैशाखात पाळी तिची. ही हुकली, तर पुढच्या खेपेला तिचं वय अठ्ठ्याण्णव!

आता जरा मागं, दिवाळीकडं चला. पाऊस तेव्हाच दगा देऊन गेला होता. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन बद्रीनाथराव मोठ्या हौसेचे. त्यांनी पावसाळ्याआधी चीज करायचं मशीन आणलं, फोटो काढला, सगळ्या गावाच्या म्हशींचं दूध त्यात ओतलं. चीज झालं झकास, पण घ्यायला कुणी येईना. मग चेअरमननी दिवाळीच्या बोनसऐवजी घरटी किलोकिलोच्या चार विटा वाटल्या.

शेजारची बायनाबाई वीट हुंगून म्हणाली, "सत्यभामे, ह्यानं लुगडं धुवायचं का आंघोळ करायची गं?"

"खायाचं हाय ते, आत्या."

"तूच खा माय. मला शेरभर शेंगा दे अन् ने हा साबण."

सत्यभामेला तिथंच सुचलं. तिनं घराघरातून शेंगा देऊन, कुठं लोणचं देऊन विटा गोळा केल्या. चाळिसातलं एक घर सोडलं नाही. शेवटी दीडशेच्या वर विटा घरात झाल्या आणि गहिनीनाथ दारातच थबकला.

"भिंत बांधायची हाय का?"

"भाजी किती महाग झाली, बघितलं का? आता होळीपर्यंत भाजी इकत आणायची न्हाई. हेच खायाचं."

"अन् नासलं म्हंजी?"

नासू नये म्हणून तिनं हबीबला गाठलं. हबीबचं फाट्यावर थंड पेयांचं दुकान होतं. पण पाणीच नाही तर सरबत कशाचं करणार? त्याची आइस्क्रीमची लांबलचक पेटी रिकामी पडली होती. ती त्यानं टेम्पोत घालून आणली आणि सत्यभामेच्या माजघरात ठेवली.

"भाबी, ठेवा बिनधास्त. पण एक सांगतो. आख्खी वीट ठेवू नका. गोठलेलं चीज सुरीला ऐकत न्हाई, भुगा होतंय. आधी किसा, मूठमूठ पिशवीत भरा, मग आत टाका."

"आन् लाईट? दिवसाचे बारा तास तर गायब असती."

"झाकण उघडायचं न्हाई, अन् वरून काहीतरी पांघरायचं. गारवा आतच राहतो."

बस्स. सत्यभामेनं दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवल्या, तीन दिवस किसणीवर बोटं सोलून घेतली, मूठमूठ किस बांधला आणि पेटीवर सासूची जाड गोधडी घातली. येणारा-जाणारा विचारी, "कोण आजारी हाय?"

घरखर्च असा आटला की तिचं तिलाच नवल वाटलं. गहिनीनाथची मात्र परीक्षा सुरू झाली. पिठल्यात चीज, भाकरीवर चीज, आमटीत चीज. संक्रांतीला तिळाच्या पोळीत चीज निघालं, तेव्हा तो ताटावरून उठून पखवाज बडवत बसला. पण बाजाराची पिशवी खुंटीला टांगलेली ती टांगलेलीच राहिली. लाईट बारा तास असायची, बारा तास नसायची. आणि एवढ्या विजेत पेटीतलं चीज कसं बेताचं घट्ट राहतं, मूठ किती वेळात सुटी होते, हे सत्यभामेच्या हाताला पाठ झालं. घड्याळ बघायचं तिला कामच उरलं नाही.

वैशाख उगवला तेव्हा गावात एक म्हैस उरली नव्हती. सगळी जनावरं चारा छावणीला, आणि दूध तिथूनच गाडीत बसून शहराला. गावात चहा काळा. सत्यभामेनं दह्यासाठी छावणीवर माणूस धाडला, अंबाजोगाईला निरोप दिला, कुठंच जमेना. सप्ताहाचे सहा दिवस गेले, उद्या काला, आणि हंडी कोरडी. पुढच्या पाळीचं घर हंडी भरायला तयार होतंच; त्यांच्या पाहुण्यानं एक कॅन कबूल केला होता. चेअरमन म्हणाले, "वहिनी, मान त्यांना देऊन टाका. दुष्काळात कोण नावं ठेवणार हाय?"

सत्यभामेनं तासभर देवळाच्या पायरीवर बसून डोळे पुसले. मग उठली ती थेट कीर्तनकार बिभीषण महाराजांपुढं.

"महाराज, चीजचा काला चालंल का?"

महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशाचं असतं ते?"

"दुधाचं. गावच्याच म्हशींचं."

"अन् विरजण?"

चेअरमन पुढं झाले. "झाडपाल्याचं, महाराज! वासराच्या आतड्याचं न्हाई, शप्पत. मशीनवाल्याकडून लिहून घेतलंय."

"मग देवाचं काय अडलं?" महाराज म्हणाले. "भरा हंडी."

सत्यभामा पळतच घरी आली. उरल्यासुरल्या सगळ्या मुठी सोडल्या. किसात लाह्या, पोहे, लोणच्याचा खार, वाटलेली मिरची आणि टँकरचं चार तांबे पाणी घालून काला कालवला, हंडीत गच्च भरला. उन्हाळा असा की चीजला तासाभरात तेल सुटायचं. म्हणून दिवस मावळायच्या आत हंडी पेटीत ठेवली, गोधडी घातली. सकाळी काढली की हाताला लागेल एवढाच घट्ट काला मिळणार, हे तिला ठाऊक होतं.

पण बाई एक विसरली. गावानं वायरमनला हातापाया पडून सांगितलं होतं, काल्याच्या आदल्या दिवसापासून लाईट जाऊ देऊ नको, लाउडस्पीकर बंद पडता कामा नये. आणि त्या भल्या माणसानं शब्द पाळला. त्या दिवशी लाईट गेली नाही. ती नाहीच गेली.

सकाळी सत्यभामेनं हंडी उचलली तर ती तळाला चिकटलेली, मनगट लचकलं. वर बोट मारलं, तर टक् वाजलं. तिनं हंडी उन्हात ठेवायची म्हटलं, तोवर दारात टाळकरी येऊन उभे. हंडी वाजतगाजत मांडवात गेली आणि वर टांगली गेली. सत्यभामा बायकांत बसली. महाराज बाळकृष्णाच्या खोड्या सांगत होते, बाया हसत होत्या, आणि ही हंडीवर डोळे लावून मनात म्हणत होती, वितळ रे बाबा, वितळ. ऊन कधी नव्हे ते तिला कमी वाटत होतं.

महाराजांनी काठी उचलली. गहिनीनाथनं पखवाजावर थाप दिली. पहिला तडाखा, काठी उलटी आली. दुसरा, पुन्हा तेच. लोक एकमेकांकडं बघायला लागले. तिसऱ्याला खापर उडालं, आणि आतला काला हंडीच्याच आकारात, अखंड, धप्पकन खाली आला तो चेअरमनच्या फेट्यावर. फेटा होता म्हणून बरं! तिथून घरंगळून तो महाराजांच्या पायाशी थांबला.

पुढची पोरं उठून उभी राहिली.

"हे काय घातलंय आत? धोंडा?" चेअरमन फेटा चाचपत ओरडले.

सत्यभामेनं पदर तोंडावर ओढला. चाळीस वर्षं वाट बघून हे. आता उठावं आणि मागच्या मागं निघून जावं, असं तिच्या मनात आलं.

महाराजांनी खाली वाकून गोळ्याला हात लावला. हात मागं घेतला, पुन्हा लावला. मग दोन्ही हातांनी उचलून तो आपल्या घामेजल्या कपाळाला टेकवला आणि डोळे मिटले. लहान लेकराचा पाळण्यात घातल्यावर जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

"विठ्ठल विठ्ठल," ते म्हणाले. "काय गार हाय!"

मांडवात हसू फुटलं. महाराज बोलले, "गोपाळांनी आपापली शिदोरी एकत्र केली, त्याला काला म्हणतात. ह्या गोळ्यात कुणाकुणाचं दूध हाय रे?"

बायनाबाईनं आधी हात वर केला. "माझ्या म्हशीचं बी हाय! मीच शेंगा घेऊन दिलतं." मग एकेक हात वर होत गेला. सगळ्यांच्या म्हशींचं दूध त्यात होतं, खरंच.

"मग फोडा," महाराज म्हणाले.

पण फुटेना. नारळ फोडायचा दगड मारून झाला, गहिनीनाथची मूठ मारून झाली. शेवटी मांडवाच्या कडेला उभ्या हबीबला हाक गेली. तो फाट्यावर धावला, बर्फ फोडायचा टोचा घेऊन आला, हात जोडले, आणि अलगद खपली-खपली सोडवायला लागला. महाराज एकेक खपली हातावर ठेवत गेले. आधी पोरं, मग म्हातारी माणसं, मग बाया. कित्येक महिने गावाच्या जिभेला गार असं काही लागलं नव्हतं. खारट, तिखट, थंडगार काला! बायनाबाईनं तीनदा हात पुढं केला आणि वर म्हणाली, "साबण चांगला लागतोय गं."

चेअरमननी फेट्यावरच्या दोन लाह्या काढून तोंडात टाकल्या.

सत्यभामेला वाटलं, आपल्यापर्यंत काही येणार नाही. तोच महाराज स्वतः बायकांच्या पंगतीपर्यंत आले आणि शेवटची खपली तिच्या हातावर ठेवली.

"माउली, मान तुमचाच. पुढच्या घराला आता जड जाणार, एवढंच."

ती खपली तिनं लगेच खाल्ली नाही. वितळून पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तशीच बसून राहिली. गहिनीनाथ समोरून म्हणाला, "अगं खा की आता. अख्खा हिवाळा मला खाऊ घातलंस." तेव्हा कुठं तिनं ती तोंडात घातली.

आता माझं मागणं. तुम्ही कुठंही काल्याला बसाल, हातावर चार लाह्या पडतील, तेव्हा खाण्याआधी क्षणभर थांबा आणि आमच्या सत्यभामेची आठवण काढा. तिनं सगळ्यांच्या घरचं सांभाळलं, आणि सगळ्यांना परत दिलं.