सत्ताविसावा सेकंद

आमच्या ताईने एकोणीस रॉकेटं सोडली आणि त्यातलं एकही उडताना पाहिलं नाही, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी थापा मारतेय. थापा मारायला मला वेळ कुठे आहे? माझा फोटो स्टुडिओ आहे. हनुवटी वर करा, खांदे सरळ ठेवा, डोळे मिटू नका, असं ओरडण्यात माझा जन्म चाललाय.

खरी गोष्ट अशी. रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात एक टाकी असते आणि त्या टाकीतल्या दाबाचा एक आकडा असतो. त्या आकड्यावर लक्ष ठेवणं हे ताईचं काम. ती बसते त्या खोलीला खिडकी नाही, दारं दुपारीच बंद होतात. भिंतभर मोठा पडदा आहे म्हणे, पण तो तिच्या पाठीमागे. आकड्यावरची नजर काढायची नाही, मान वळवायची नाही. टाकी रिकामी होऊन तिची सुटका होईपर्यंत रॉकेट कुठल्या कुठे पोचलेलं असतं.

"अगं मग नंतर व्हिडिओ बघ ना," मी तिला एकदा म्हटलं. "सगळं जग बघतं, तुलाच काय धाड भरलीय?"

"बघितलेत गं. ते सगळ्यांसाठी काढलेले असतात. आपल्या गच्चीवरून हे बघतात ना, तसं मला बघायचंय."

'हे' म्हणजे आमचे भाऊजी. शाळेत गणित शिकवतात. एकोणीसच्या एकोणीस उड्डाणं त्यांनी घरच्या गच्चीवरून पाहिली आहेत, आणि ताईने घरी येऊन "कसं दिसलं?" विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "छान दिसलं. मोठं होतं." संपलं! या माणसाला देवाने जीभ दिलीय ती फक्त पाढे म्हणायला.

या महिन्याच्या अखेरीस ताई निवृत्त होणार, म्हणजे विसावं रॉकेट तिचं शेवटचं. म्हणून तिने मला बोलावून घेतलं. गच्चीवरून एकच फोटो काढायचा, आणि त्यात जमिनीपासून आभाळापर्यंत सगळी वाट दिसली पाहिजे. लहानपणी माझ्या वेण्या घालण्यापासून ते स्टुडिओच्या भिंती रंगवण्यापर्यंत तिने माझं सगळं केलं, आणि बदल्यात कधी काही मागितलं नाही. आज मागितलं, ते नेमकं असं अवघड.

कारण असा फोटो एकदाच निघतो. तीन मिनिटं कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा आणि रॉकेटच्या उजेडाची रेघ त्याच्यावर उमटू द्यायची. मध्ये कॅमेरा केसभर हलला तरी खेळ खलास. नवऱ्या मुलाला सांगतो तसं "जरा परत या हं" असं रॉकेटला सांगता येत नाही.

त्यात शेजाऱ्यांनी नवा मजला चढवलेला. गच्चीतून क्षितिज दिसेचना. मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं, शेजाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी जिन्याच्या खोलीवर जो पत्रा होता त्याच्यावर चढले. तिथून सगळं मोकळं होतं. तिपाई मांडली, तिच्या पायांना विटा बांधल्या. वाऱ्याचं नाव नव्हतं. मग मी खाली सरकून शिडीवर उभी राहिले, बटणाची वायर हातात. वारा पाहिला, उजेड पाहिला, धुकं पाहिलं, वाऱ्याचं आणि धुक्याचं भाऊजींना विचारूनसुद्धा घेतलं. पंचवीस वर्षांच्या धंद्यात जे जे बघायची सवय लागलीय ते सगळं पाहिलं.

भाऊजींनी शिडी धरली. "मेहुणीबाई, पडू नका. तुम्ही पडलात तर तुमची बहीण मला घरात घेणार नाही."

"तुम्ही शिडी धरा आणि गप्प बसा."

"गप्प कसा बसू? सेकंद मोजायचेत ना?"

रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी लांबवर एक ठिपका पेटला. मी बटण दाबलं.

आणि मग काय सांगू! ठिपका फुगला आणि अख्खी रात्र उजळली. गच्चीवरच्या दोरीचे चिमटे दिसायला लागले, निळा कुठला आणि हिरवा कुठला तेसुद्धा. कावळ्यांना वाटलं उजाडलं, ते बिचारे उठून ओरडायला लागले. त्या उजेडाच्या टोकावर ते उभं होतं आणि हळूहळू, अगदी हळूहळू वर सरकत होतं. मी जन्मभर लोकांच्या तोंडावर दिवे मारलेत, उजेड मला कळतो असा माझा तोरा होता. तो तोरा तिथेच उतरला. अगं बाई, हे माणसांनी केलंय? आणि त्या माणसांत आमची ताई आहे? माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सगळ्यात नवल म्हणजे आवाज नाही. एवढं प्रचंड काही वर चाललंय आणि मला खालच्या घरातला पंखा ऐकू येतोय.

"चोवीस," भाऊजी म्हणाले. "पंचवीस. सव्वीस. घट्ट धरा हं."

"काय धरू?"

सत्तावीस म्हणायच्या आत आवाज आला. तो कानांत शिरलाच नाही, आधी छातीत शिरला. बरगड्या वाजल्या, दात वाजले, शिडी हातात थरथरायला लागली, आणि माझ्या डोक्यावर तो पत्रा तडतड तडतड नाचायला लागला. पत्र्यावर तिपाई, आणि तिपाईवर माझा कॅमेरा!

हात लावला असता तर आणखी हलला असता. मी नुसती बघत राहिले. वर आभाळ फाडत ते चाललं होतं, त्याच्यापुढे मला माझा फोटोही क्षुल्लक वाटत होता, आणि तरी फोटो गेला म्हणून मी रडत होते. दोन्ही खरं होतं.

सगळं काळोखात विरल्यावर फोटो पाहिला. खालून सुंदर, घोटून काढावी तशी रेघ निघालेली, आणि एका जागी पोचल्यावर तिच्या चिंध्या. करवतीचे दाते दिसावेत तसे. पार वर जाऊन पुन्हा जराशी सरळ.

"तुम्हाला माहीत होतं ना आवाज येतो ते?" मी भाऊजींवर उखडले. "तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही वाऱ्याचं विचारलंत, धुक्याचं विचारलंत. आवाजाचं कुठे विचारलंत?"

विचारणार कशी? फोटोवाल्यांचं आवाजाशी काय देणंघेणं! रात्रभर मला डोळ्याला डोळा लागला नाही.

ताई सकाळी आली, डोळे लाल, खांद्यावरची पर्सही काढली नव्हती. "टाकी?" भाऊजींनी विचारलं. "टाकी शहाण्यासारखी वागली," ती म्हणाली आणि थेट माझ्यासमोर बसली. "दाखव."

"फुकट गेलाय. माझी चूक झाली. आधीच सांगते."

"दाखव म्हटलं ना."

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने खालून बोट फिरवायला सुरुवात केली, जमिनीपासून, सावकाश. दाते सुरू झाले तिथे बोट थांबलं. "हे काय झालं?"

"काय होणार? आवाज झाला! पत्रा हलला, कॅमेरा हलला, माझ्या अकलेची माती झाली."

"कितव्या सेकंदाला?"

"सत्ताविसाव्या," भाऊजी स्वयंपाकघरातून म्हणाले.

ताईने ते दाते एकेक करून बोटाने चाचपले. मग म्हणाली, "आमची खोली जवळ, आमच्याकडे आवाज चौदाव्याला येतो. टेबल हलतं. मी डावा तळवा टेबलावर सपाट ठेवते आणि आकड्याकडे बघत राहते. एवढंच मला मिळतं, दर वेळी. कधी कुणाला बोलले नाही, म्हटलं हसतील." तिने वर पाहिलं. "अहो, तुम्हालाही होतं हे?"

"दर वेळी होतं. कठडा धरावा लागतो."

"मग एवढ्या वर्षांत बोलला का नाहीत?"

"तू विचारायचीस कसं दिसलं."

ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला वाटायचं, सगळं तुम्हाला मिळतं आणि माझ्या वाट्याला नुसता हादरा. तुम्हीसुद्धा इथे हादरत उभे होतात होय रे देवा!"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर सरळ करून देते तुला ही रेघ. अर्ध्या तासाचं काम आहे."

ताईने डावा तळवा पडद्यावर ठेवला, नेमका त्या दात्यांवर, सपाट.

"हात लावशील तर याद राख," ती म्हणाली.