अकोल्याचा रागी

अकोल्याच्या एका कॉलेजात रागिणी फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होती. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, घरात ती आणि आई माणिकबाई. सकाळी आई परसातली फुलं तोडायला गेली की रागिणी आपला हॅम रेडिओ, हौशी लोकांचा बिनतारी संच, लावायची. गच्चीवर अँटेनाची तार ताणलेली होती. शेजारीण त्या तारेवर कपडे वाळत घालू का म्हणून दोनदा विचारून गेली होती.

पलीकडे पुण्याहून किशोर यायचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. दोघं बोलायची ती मोर्समध्ये, टिकटिक करत, इंग्रजीच्या तोडक्या शब्दांत. ती 'रागी' एवढीच सही करायची. हॅमच्या रीतीप्रमाणे तो तिला 'ओल्ड मॅन' म्हणायचा, तीही त्याला तेच म्हणायची. बाबा गेले तेव्हा तिनं सगळ्यांत आधी त्याला सांगितलं. तो फक्त 'आहे मी इथे' म्हणाला आणि मग बराच वेळ अधूनमधून एक टिंब पाठवत राहिला. त्याच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, तेही त्यानं रागीलाच सांगितलं होतं.

म्हणून पुण्यात हॅमवाल्यांचं संमेलन ठरलं तेव्हा रागिणीनं स्लीपरचं तिकीट काढलं.

"त्या टिकटिकीपायी पुण्याले जाऊन राहिली? काहून वो?" आई म्हणाली.

"एका मानसाले भेटाचं हाये. बायको बिमार हाये त्याची."

माणिकबाईनं कुरडयांचा डबा काढला. त्या माणसाच्या बायकोसाठी थोड्या बांधून दिल्या.

पुणे स्टेशनजवळच्या बायकांच्या डॉर्मिटरीत रागिणीनं आंघोळ केली, घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या आणि दोन बस बदलून हॉलवर पोचली. आत टेबलांवर जुने सेट, तारांची भेंडोळी, घरी बनवलेल्या मोर्सच्या कळा. जिकडेतिकडे पुरुषांचे घोळके. कुणी कळ वाजवून पाहत होतं आणि त्यातलं अक्षरन् अक्षर तिला कळत होतं. बोलत मात्र तिच्याशी कुणी नव्हतं. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलानं नाव न विचारता फक्त कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरची सांकेतिक ओळख, विचारून तिचा बिल्ला दिला, तो तिनं ओढणीला लावला.

किशोरचा बिल्ला तिला लांबूनच दिसला. उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्यानं बिल्ला वाचला आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

"अरे, रागी आला? कुठाय तो?" तो तिच्या खांद्यावरून मागे पाहू लागला. "तुम्ही मिसेस का?"

"मीच रागी. रागिणी."

तो हसला. मग हसणं मध्येच थांबलं.

"अहो, पण... सहा वर्षं! काय काय बोललो असेन मी तुमच्याशी."

"वाईट काईच नाई बोलले तुमी."

"नाही, तसं नव्हे. मी आपला मित्र समजून..." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिनं कुरडयांची पिशवी पुढं केली.

"वहिनीसाठी. आईनं देल्या."

"अहो, कशाला एवढा त्रास घेतलात?" त्यानं दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "या मॅडम अकोल्याच्या. मोर्सवर फार छान हात आहे त्यांचा." मग कुणीतरी हाक मारली. "जेवल्याशिवाय जायचं नाही हं मॅडम," म्हणत तो गेला.

जेवणाची ताटली घेऊन ती खांबापाशी उभी राहिली. दोनदा किशोरशी नजरानजर झाली. दोन्ही वेळा त्यानं अदबीनं मान हलवली. ग्रुप फोटोसाठी सगळे पायऱ्यांकडे निघाले तेव्हा ती मागच्या दारानं बाहेर पडली. गाडीला अजून खूप वेळ होता. शहर बघावं असं तिनं घरून ठरवलं होतं, पण ती सरळ स्टेशनवर जाऊन बाकावर बसली.

"भेटला का तो मानूस?" आईनं घरी आल्यावर विचारलं.

"भेटला."

"कसा हाये?"

"चांगला हाये."

दुसऱ्या दिवशी किशोर रेडिओवर वेळेवर आला. 'ओल्ड मॅन' नव्हतं. 'गुड मॉर्निंग मॅडम' होतं. हवा कशी आहे, सिग्नल कसा येतोय, एवढं विचारून त्यानं निरोप घेतला. आठवडाभर तेच चाललं. 'मॅडम' हा शब्द यायला लागला की रागिणीला वाटायचं, सेट बंद करून टाकावा.

एका सकाळी त्यानं निरोप घ्यायच्या आत तिनं विचारलं, वहिनी कशा आहेत?

नुसती खरखर येत राहिली. तो गेला असावा असं वाटून तिनं हेडफोन काढायला हात वर नेला.

मग हळूहळू, एकेक अक्षर तोडत त्याचं उत्तर आलं. रात्रभर झोपली नाही. मीही नाही.

रागिणीनं खुर्ची पुढं ओढली. सांगा, तिनं कळवलं. लॅब अकराला उघडते, तोवर आहे मी इथे.