अंगठ्याएवढे खड्डे

सुगंधाबाईंच्या डाव्या हातावरचे खड्डे भरून येईनासे झाले, तसे घरातल्यांनी त्यांत वस्तू ठेवायला सुरुवात केली. नऊ वर्षांपूर्वी कॅन्सरपायी स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या आणि हात सुजला तो सुजलाच. येईल तो अंगठ्याने दाबायचा, "अगं बाई, केवढा खड्डा!" म्हणायचा आणि चहा पिऊन चालता व्हायचा. जाऊबाई आपण पाडलेल्या खड्ड्यात सुपारी ठेवत, नवरा भालचंद्रराव कपाटाची किल्ली. हात सोफाभर पसरला होता, त्यामुळे कुणाची गैरसोय होत नव्हती.

एका सकाळी दंडावर जांभळा डाग दिसला. तिथे कुणीच दाबलं नव्हतं.

"लागलं असेल कुठेतरी," भालचंद्रराव किल्ली खड्ड्यात ठेवत म्हणाले.

"कुठे लागणार? हात सोफ्यावरून हललाय का?" बाई म्हणाल्या.

"मग हळद लाव."

जाऊबाईंनी हळद लावली. डागाने ती पिऊन टाकली आणि शेजारी दुसरा डाग काढला, मग तिसरा. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाईंनी इतकी आरडाओरड केली, की शेवटी हात दवाखान्यात न्यायचं ठरलं.

हात आधी पोचला. चौघांनी तो उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा बाई अजून फाटकाबाहेर रिक्षात होत्या.

"जुनी सूज आहे, राहायचीच," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "आणि हे लागलं असेल कुठेतरी."

"लागलेलं नाही!" बाई रिक्षातून ओरडल्या. "डाग वाढतोय! तुकडा काढून तपासा!"

"कोण बोलतंय?"

"आमची मंडळी. हाताच्या त्या टोकाला आहे," भालचंद्रराव ओशाळून म्हणाले. "जरा तापट आहे."

तापट! नऊ वर्षं हिच्या अंगावर सुपाऱ्या ठेवल्या मेल्यांनी, आणि तापट ही! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांनी सवयीने डागावर अंगठा टेकला. अंगठा आत गेला आणि बाहेर येईना. बाईंना ते रिक्षात कळलं. विहिरीतून पोहरा शेंदावा तसा त्यांनी उजव्या हाताने डावा हात ओढायला घेतला. किल्ली खणकन पडली, सुपाऱ्या घरंगळल्या. पाठोपाठ टेबलावरून, पायऱ्यांवरून, फाटकातून घसरत डॉक्टर रिक्षापाशी आले. बाईंचं तोंड त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अंगठा सुटला. तो जांभळा झाला होता. डॉक्टरांनी पॅन्टला पुसला, तर जांभळा रंग मनगटावर चढला.

"लागलं असेल कुठेतरी," मागून धावत आलेले भालचंद्रराव म्हणाले.

"लागलेलं नाही!" डॉक्टर किंचाळले. "तुकडा काढून तपासायला हवा! आत्ताच्या आत्ता!"

सुगंधाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यावर आपला अंगठा दाबला. खड्डा पडला.

"आधी कुणाचा तुकडा?" त्यांनी विचारलं, आणि मनगट सोडलं नाही.